राज्य कोणावर?

मुलांना रमवायच्या खेळांची पुस्तकं जे लिहितात, त्यांचा मुलांवर फार विश्वास असतो. 'प्रथम सर्व मुलांना गोलात उभे करावे' असं लिहून ते बिनदिक्कत पुढच्या वाक्याकडे वळतात. इकडे गोल करण्यातच अर्धा तास जातो. आधी कोणी कोणाचा हात धरायचा यावरून खळखळ. मग ज्या दोघांचं काल भांडण झालंय, त्यांच्यामध्ये एक तटस्थ मुलगा उभा करावा लागतो. तो मिळेपर्यंत पलीकडच्या बाजूने गोल ताणायला सुरुवात झालेली असते. ताणता ताणता धाकटी दोन कार्टी उताणी पडतात, आणि हा प्रकार इतका आवडतो की उरलेली सगळी आपणहून पडतात. 'मामाचं पत्र हरवलं' खेळायचं होतं, हे त्यानंतर फक्त हातात रुमाल घेऊन उभ्या राहिलेल्या मोठ्या माणसाच्या लक्षात असतं.

आमच्या सोसायटीत ते मोठं माणूस म्हणजे मी. दर उन्हाळ्यात सांस्कृतिक समिती 'मुलांचं जरा बघा' हे खातं कोणाच्या तरी गळ्यात घालते. मी निवृत्त आहे, माझे गुडघे अजून वाकतात आणि त्या सभेला मी गैरहजर होतो. या तीन पात्रतांवर माझी बिनविरोध निवड झाली. तेव्हापासून संध्याकाळी मी पार्किंगच्या कट्ट्यावर असतो. बघायला सांगितलंय, तर बघतो. आणि बघून बघून माझं ठाम मत झालंय, की मुलांना करमायला खेळ लागत नाही, वाद लागतो. मुलं तासभर खाली असली तर त्यातली धावपळ फार तर पंधरा मिनिटांची. बाकी वेळ नियम करणे, नियम मोडणे, अपील, फेरतपासणी आणि 'मग मी नाही खेळत जा' हा सभात्याग. कुठल्याही खेळाची गोडी त्यात भांडायला जागा किती, यावर ठरते. लगोरी, डबा ऐसपैस, विषामृत हे खेळ इतकी वर्षं टिकले ते याच गुणावर. ज्या खेळात भांडायला काही नाही, तो मुलं दोनदा खेळतात आणि माळ्यावर टाकतात.

पहिला वाद खेळ सुरू व्हायच्या आधीच असतो : राज्य कोणावर? त्यासाठी चकायचं. तिघांनी एकदम पंजे टाकायचे, उताणे किंवा पालथे. दोघांचे सारखे आले आणि एकाचा वेगळा, की तो सुटला. ऐकायला सोपं आहे, पण सगळी मेख त्या 'एकदम'मध्ये आहे. बी विंगमधले एक गृहस्थ, वय वर्षे नऊ, आपला हात इतरांपेक्षा कणभर उशिरा टाकतात. तेवढ्यात त्यांना दोघांचे पंजे दिसून गेलेले असतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण सिद्ध करता येत नाही. म्हणून त्यांच्यापुरता खास नियम झाला : डोळे मिटून चकायचं. मग डोळे किलकिले आहेत का ते पाहायला एक निरीक्षक नेमायचं ठरलं. निरीक्षक सुटलेल्यांपैकी हवा. पण सुटलेल्या मुलाइतकं बेफिकीर कोणी नसतं. तो केव्हाच लपायची जागा हेरायला पसार झालेला असतो. शेवटी दोघं उरले की आणखी पंचाईत. दोघांत चकता येत नाही, म्हणून सुटलेल्यांतला एक जण मध्ये उसना घ्यायचा. तर हा उसना कोणाच्या बाकावर बसतो, कोणाच्या सायकलवर फिरतो, काल कोणाकडे जेवला, याची छाननी. एकदा ही छाननी चालू असताना अंधार पडला आणि सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काल काय खेळलात रे? तर म्हणाले, डबा ऐसपैस. मज्जा आली.

डबा ऐसपैसला डबा लागतो, आणि हल्ली सोसायटीत डबा मिळत नाही. पूर्वी वनस्पती तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा असायचा. त्याला लाथ बसली की दुपारी झोपलेली अख्खी आळी जागी व्हायची. आता तेल पिशवीत येतं आणि तूप प्लॅस्टिकच्या बरणीत. म्हणून आमची मुलं थंड पेयाची रिकामी बाटली घेतात आणि आवाजासाठी तीत चार खडे टाकतात. खेळाचं नाव मात्र डब्याचंच. एकाने ही बाटली जीव खाऊन लांब भिरकवायची, राज्य असलेल्याने ती आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी लपायचं. मग त्याने एकेकाला हेरून, नाव घेऊन, डब्यापाशी येऊन ऐसपैस करायचं. त्याची पाठ फिरली असताना कोणी येऊन डबा उडवला, की केलेली सगळी मेहनत पाण्यात आणि राज्य पुन्हा त्याच्याच डोक्यावर. एकेका मुलाला असं चार-चार दिवस पिदवतात. तो रडतो, पण खेळ सोडून जात नाही. गेला तर 'रडीचा डाव' हा शिक्का बसेल, आणि तो दहावीच्या निकालापर्यंत पुसला जात नाही.

यात नाव बरोबर घ्यावं लागतं, हे महत्त्वाचं. 'कोणीतरी दिसलं' चालत नाही. म्हणून शर्टांची अदलाबदल. जिन्याखालच्या अंधारात, जुन्या सायकली आणि कोणाच्या तरी मोडक्या वॉशिंग मशीनच्या सांदीत, दोन मुलं घामाने अंगाला चिकटलेले टी-शर्ट कसेबसे सोलून काढतात आणि एकमेकांच्या डोक्यातून घालतात. एकाचा शर्ट दुसऱ्याला पोटावर तोकडा होतो, ते चालतं. मग फक्त खांद्याचं टोक खांबाआडून बाहेर काढायचं. राज्य असलेला पिवळा खांदा बघून पिवळ्या शर्टाच्या मूळ मालकाचं नाव पुकारतो, आणि खांबाआडून भलतंच तोंड बाहेर येतं. त्यावर जी सुनावणी झाली तिला मी हजर होतो. 'नाव माणसाचं असतं, शर्टाचं नसतं' या मुद्द्यावर निकाल लागला. संध्याकाळी आठनंतर चारही विंगमधल्या आया ओले शर्ट घेऊन एकमेकींच्या दारात उभ्या असतात. त्यांतल्या दोघींचं पाण्याच्या टाकीवरून वर्षभर बोलणं बंद होतं, ते या शर्टांमुळे सुरू झालं.

सोसायटीच्या बागेत 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी आहे. वॉचमनकाकांनी जास्वंदीच्या मागून दोघांना बाहेर ओढलं, तेव्हा त्यांतली चष्मेवाली शांतपणे म्हणाली, "आम्ही खेळत नाही आहोत काका, आम्ही लपलोय." वॉचमनकाका माझ्याकडे बघायला लागले. मी पाटी पुन्हा वाचली. मुलगी बरोबर होती.

लगोरीला चेंडू रबराचा लागतो आणि सात चपट्या चकत्या. दगड आता कुठे मिळायचे? सगळीकडे पेव्हर ब्लॉक. पण सोसायटीत कोणाच्या ना कोणाच्या घरी तोडफोड चालूच असते, तिथून फरशीचे तुकडे येतात. त्यामुळे लगोरीकडे बघून कोणाचं बाथरूम निघालंय ते कळतं. सध्याची लगोरी खाली काळ्या ग्रॅनाइटची, मध्ये फिकट गुलाबी, आणि सगळ्यात वर एक निळ्या माशाचं अर्धं शेपूट. हे शेपूट ए विंगमधल्या अत्यंत गंभीर चेहऱ्याच्या सद्‍गृहस्थांच्या न्हाणीघरातलं आहे. तेव्हापासून मला ते लिफ्टमध्ये भेटले की मी मजल्यांच्या आकड्यांकडे बघतो. विटीदांडू मात्र कायमचा बंद झाला. त्यात विटी गाडीच्या काचेवर बसते, आणि त्यानंतर जो वाद होतो त्यात मुलांना बोलू देत नाहीत.

आता कच्च्या लिंबाविषयी सांगायला हवं. कुठल्याही खेळात एक चार-पाच वर्षांचं धाकटं भावंड असतंच. वरून गॅलरीतून फर्मान येतं, "त्याला पण घ्या रे!" त्याला घेतलं नाही तर थोरल्याचंही खेळणं बंद, म्हणून घेतात, पण कच्चा लिंबू म्हणून. म्हणजे त्याने पळायचं, लपायचं, ओरडायचं, पण तो आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. सगळे हक्क आणि एकही जबाबदारी नाही. कच्चा लिंबू स्वतःला फार चपळ समजतो, कारण त्याला आजवर कोणी पकडलेलंच नाही. पकडणारे त्याच्या बाजूने धावत जातात, हात पुढे करतात आणि शेवटच्या क्षणी मुद्दाम अडखळतात. हा अभिनय काही काही मुलं इतका सुंदर करतात की बालनाट्याच्या दिग्दर्शकांनी आमच्या पार्किंगमध्ये येऊन बसावं.

अडचण बढतीच्या दिवशी येते. एक दिवस कच्चा लिंबू स्वतःच जाहीर करतो, की आता मी मोठा झालो, मला खरा घ्या. बैठक बसते. वय, उंची, दुसरीत गेला का, लंगडी किती वेळ घालता येते, सगळं बघून त्याला पक्का करतात. पाचव्या मिनिटाला तो पकडला जातो. आयुष्यात प्रथमच. तो थबकून आजूबाजूला बघतो, त्याचा विश्वासच बसत नाही. मग भोकाड. मग "मी अजून कच्चाच आहे!" एकदा पक्का झालेला लिंबू पुन्हा कच्चा करता येतो का, यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. हात प्लास्टरमध्ये असलेल्या एका मोठ्या मुलाने तात्पुरतं कच्चेपण मागितलं होतं, त्या निकालाचा दाखला दोन्ही पक्ष देतात.

दुसरी सोय 'टाईम प्लीज'ची. मुठीचा अंगठा वर करून, शक्यतो थुंकी लावून, हे म्हटलं की त्या क्षणापुरतं कोणी कोणाला पकडायचं नाही. मूळ हेतू उदात्त : चपलेचा अंगठा तुटला, पायात काटा गेला, तहान लागली. प्रत्यक्षात टाईम प्लीज बहुतेक वेळा पाठलाग करणाऱ्याचा हात कॉलरपासून वीतभर अंतरावर असताना घेतलं जातं. इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने १९५९ साली शाळकरी मुलांच्या बोलीवर आणि रीतिभातींवर एक जाडजूड पुस्तक काढलं. तिथली मुलंही बोटात बोट अडकवून असा तह मागतात आणि त्यासाठीचा शब्द प्रांताप्रांतांत बदलतो, म्हणून ओपींनी त्याचा नकाशाच छापला. आमच्याकडे नकाशा काढायची गरज नाही, चारही विंगमध्ये शब्द एकच आहे. फक्त सी विंगची मुलं दुसऱ्या हाताने पकडून टाईम प्लीज घेतात, आणि ते धरायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही.

मुलांच्या नियमांचा असा अभ्यास करणारे थोर लोक होऊन गेले आहेत. ज्याँ पियाजे हा स्विस मानसशास्त्रज्ञ खिशात गोट्या घेऊन जिनिव्हा आणि न्यूशाटेलच्या मुलांमध्ये जाऊन बसायचा. मुलांना म्हणायचा, मी लहानपणी खेळायचो पण आता नियम विसरलोय, मला शिकवा. त्यातून १९३२ साली त्याचं मुलांच्या नीतिबुद्धीवरचं पुस्तक आलं. अगदी लहान मुलांना वाटतं, नियम वडिलांनी, थोरामोठ्यांनी नाहीतर देवाने केलेले असतात आणि ते बदलणं म्हणजे पाप. दहा-बारा वर्षांच्यांना कळलेलं असतं की सगळे हो म्हणाले की नियम बदलता येतो. हे त्याचं म्हणणं मला पटतं. पण 'मी नियम विसरलोय' हे वाक्य त्याने आमच्या पार्किंगमध्ये उच्चारायला नको होतं. इथल्या पोरांनी त्याला ताबडतोब नवे नियम शिकवले असते, त्यानुसार सगळ्या गोट्या काढून घेतल्या असत्या, आणि पुस्तक पुरं व्हायला आणखी दहा वर्षं लागली असती.

क्रिकेटमुळे हल्ली अपिलाची पद्धत सुधारली आहे. विषामृतमध्ये 'विष' मिळालेल्याने जागच्या जागी पुतळा व्हायचं आणि सुट्या गड्याने येऊन 'अमृत' द्यायचं, एवढा साधा खेळ. आता विष बसलं की मुलगा दोन्ही हातांनी इंग्रजी टी करून वर बघतो. वर म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, जिथे एक आजी रोज गवार मोडत बसतात. त्या तिसऱ्या पंच. सगळे श्वास रोखून उभे. आजी हातातली शेंग मोडून होईपर्यंत निकाल देत नाहीत. मग म्हणतात, "लागला नाही, शर्टाला लागला." शर्टाचा पूर्वीचा निकाल त्यांना माहीत असतो. त्या मुलांतल्या एकाची सख्खी आजी आहेत, तरी आजवर कोणी पक्षपाताचा आरोप केलेला नाही. निम्म्या निकालांत त्यांनी स्वतःच्या नातवाला बाद केलंय, आणि नातू घरी जाऊन त्यांच्याशी बोलत नाही.

काही खेळ मोठ्यांच्या हाती लागले आणि सुधारले. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धा भरवली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं. २०१४ पासून कबड्डी टीव्हीवर झगमगाटात दिसते, चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ लागतं. आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोघांनीही नेपाळला हरवून जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्रातले. अभिमान वाटतोच. माझ्या पिढीने खो-खो मातीत, गुडघे सोलून खेळलेला आहे, आणि पाठीत बसलेला 'खो' अजून पावसाळ्यात दुखतो.

पण आमच्या मुलांच्या दृष्टीने खो-खोत आता राम राहिलेला नाही. आठ जणांनी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसायचं, नववा पाठलाग करणार, त्याला मागे वळता येणार नाही, पाटी ओलांडता येणार नाही, सगळं ठरलेलं. बोलायला जागाच नाही. शाळेत खेळतात, बक्षिसं आणतात, घरी येऊन ठेवतात आणि खाली उतरून फरशीच्या तुकड्यांवरून भांडतात. आट्यापाट्यांचंही नियम-पुस्तक आहे, संघ आहेत, स्पर्धा होतात, पण तो खेळायला नऊ पाट्या आखण्याएवढी मोकळी जमीन लागते. आमच्या मोकळ्या जमिनीवर चारचाक्या आखलेल्या आहेत.

मेच्या दुपारी आणि जुलैच्या संध्याकाळी हे अधिवेशन घरात भरतं. घरचे खेळ शांत असतात असा मोठ्यांचा समज आहे. माझ्या खोलीत राजा-राणी-चोर-शिपाई चालू असेल तर खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारतात, काही मदत हवी का.

चार चिठ्ठ्या. वीजबिलाच्या कोऱ्या पाठीमागून कापलेल्या, एका चिठ्ठीवर थकबाकीचा आकडा आलेला. घडी घालून उडवायच्या, प्रत्येकाने एक उचलायची. राजाने ऐटीत विचारायचं, माझा शिपाई कोण? शिपायाने उरलेल्या दोघांतला चोर ओळखायचा. ओळखला तर गुण शिपायाला, नाही तर चोराला. राजाला हजार गुण, यावर एकमत आहे. राणीला किती, यावर घराघरांत फरक आहे. आईच्या माहेरचा भाव वेगळा, बाबांच्या गावचा वेगळा. हा प्रश्न आधी न सोडवता बसलं, की बेरीज करायच्या वेळी घरात दोन घराणी उभी राहतात. खेळात बुद्धी लागते ती पहिले दोन डाव. तिसऱ्यापासून चोराच्या चिठ्ठीला चिवड्याच्या तेलाचा डाग पडतो, एक कोपरा मऊ पडतो, आणि ती पालथी पडली तरी ओळखू येते. मग कोणी ती उचलतच नाही. एक पाच वर्षांची मुलगी मात्र हौसेने उचलते. तिच्या मते चौघांत चोर सगळ्यात भारी. चिठ्ठी उघडून ती खुदकन हसते आणि सगळ्यांना दाखवते. शिपाई वैतागतो. त्याला गुण मिळतात, पण शोध लावायची मजा गेली म्हणून तो डाव रद्द करा म्हणतो.

पत्त्यांत गुलामचोर, झब्बू आणि बदाम सात. आमच्या कॅटमधली किलवरची तिर्री केव्हाच हरवली, तिच्या जागी लग्नपत्रिकेचा तुकडा आहे. त्यावर पेनाने किलवर काढलंय, ते फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं दिसतं, आणि मागच्या बाजूला 'आपले नम्र' असं छापलेलं आहे. ज्याच्या हातात 'आपले नम्र' असेल त्याच्याकडे तिर्री आहे, हे आंधळ्यालाही कळतं. बदाम सातमध्ये खऱ्या वृत्ती दिसतात. हातात इस्पिकची अठ्ठी असताना, लावायची जागा असताना, एखादं गोंडस पोर ती दाबून ठेवतं, तोंड पाडून 'माझं अडलंय' म्हणतं आणि नश्शीपासून राजापर्यंतचे सगळे डोळ्यांत पाणी आणून बसवतं. 'पास म्हटलंस तेव्हा तुझ्याकडे होती!' 'होती, पण मला दिसली नव्हती.' या बचावाला उत्तर नाही. कोणाला काय दिसलं हे फक्त त्यालाच ठाऊक.

सगळ्यांत मोठा कज्जा नाव-गाव-फळ-फूलचा. एकट्याचा शब्द असेल तर दहा गुण, दुसऱ्याचाही तोच असेल तर पाच. 'य' आला की प्राण्याच्या रकान्यात सगळ्यांचा याक आणि सगळ्यांना पाच, तिथे शांतता असते. 'ढ' आला तेव्हा एकाने फळात ढोबळी मिरची लिहिली. हशा पिकला. तो शांतपणे उठला, विज्ञानाचं पुस्तक घेऊन आला आणि त्याने सिद्ध केलं, की फुलातून तयार होऊन पोटात बिया असतात ते फळ, सबब ढोबळी मिरची हे फळ आहे. वनस्पतिशास्त्राने तो बरोबरच होता. विरोधी पक्षाने विचारलं, मग उपासाला चालेल का? आतून त्याच्या आजीने ओरडून सांगितलं, नाही चालणार. पाच गुणांवर तडजोड झाली. गावाच्या रकान्यात एकाने 'ढोपरवाडी' लिहिलं होतं, ते नकाशात सापडेना. तो म्हणाला, लहान गाव आहे, वस्ती कमी आहे. किती? तर म्हणाला, सध्या सगळे मुंबईला असतात.

या सगळ्याच्या तुलनेत मोठ्यांनी भरवलेल्या खेळांत अपुरेपणा जाणवतो. गणपतीत संगीत खुर्ची असते. मंडपाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एकीचा पाय बसलं की आपणहून बाजूला होणारा. गाणं थांबवणारे काका पाठ करून उभे, पण समोर काचेचं कपाट आहे आणि त्यात त्यांना आपली नात दिसते. हे मुलांना कळतं, आणि ती बोलत नाहीत, कारण मंचावर अध्यक्ष बसलेले असतात. लिंबू-चमच्यात आया घरून खोलगट चमचे आणतात, त्यातल्या एकात भात वाढता येईल. समितीने चमचे समितीचेच हवेत असा ठराव केला, तर लिंबं घरून यायला लागली. एका बाजूने चपटी.

वाढदिवसांना तर आता खेळ घेणारा दादा भाड्याने येतो. माइक, डोळ्यांवर येणारे केस आणि 'एनर्जी कुठाय?' हा प्रश्न. एनर्जी समोरच असते, ती तो बसवून ठेवतो. फुगे फोडा, कागदी पेले रचा, टिशू पेपरने मित्राची ममी करा, प्रत्येकाला बक्षीस, हरणाऱ्यालाही बक्षीस. मुलं सभ्यपणे सगळं करतात, केक खातात, पिशवी घेतात. मग हॉलमध्ये मोठ्यांच्या गप्पा रंगल्या की एकेक करून जिन्यात सटकतात, आणि तिथून चकण्याचा आवाज यायला लागतो. मागच्या एका वाढदिवसाला बराच वेळ दादाही दिसेना. तो चौथ्या मजल्याच्या पायऱ्यांवर होता. त्याच्यावर राज्य होतं.

रात्री आठला खेळ बंद, असा सोसायटीचा नियम आहे. पावणेआठपासून 'शेवटचा डाव' सुरू होतो. शेवटच्या डावानंतर अगदी शेवटचा, मग आईशप्पथ शेवटचा. गॅलरीगॅलरीतून हाका येतात, त्यांना आधी 'आलो', मग 'आलो ना', मग नुसताच हात. गेल्या आठवड्यात आईशप्पथ शेवटच्या डावात राज्य असलेल्या मुलाला वरून बाबांची हाक आली. बाबांची म्हणजे तिला 'आलो' चालत नाही. तो गेला, वरणभात जेवला आणि झोपला. बाकीचे थोडा वेळ वाट बघून पांगले. मीही कट्ट्यावरून उठलो. साडेनऊला ए विंगमधल्या आई आपला मुलगा कुठे म्हणून खाली आल्या. टॉर्च घेऊन सगळी सोसायटी फिरलो. तो गच्चीच्या जिन्यात, टाकीच्या मागे, डासांनी फोडून काढलेला बसला होता. आईने आधी मिठी मारली, मग धपाटा घातला. तो मात्र भलताच खुशीत होता.

दुसऱ्या दिवशी चकायला सगळे जमले तेव्हा हा हात टाकेना. म्हणाला, कालचा डाव चालू आहे. ज्याच्यावर राज्य होतं त्याने मला शोधलेलं नाही, आईने शोधलंय, आणि आई खेळात नव्हती. राज्य असलेला म्हणाला, मी जेवायला गेलो तिथेच डाव मोडला. टाईम प्लीज घेतलं होतंस का? नव्हतं. मग मोडला कसा? प्रकरण वर गवारीपर्यंत गेलं. आजींनी तीन शेंगा मोडून विचार केला आणि मुलगा म्हणतो ते बरोबर आहे असं सांगितलं. त्यामुळे सध्या तो सर्वांच्या देखत पार्किंगमध्ये फिरतो, कट्ट्यावर माझ्याशेजारी बसून पेरू खातो, आणि कोणी बोट दाखवलं की म्हणतो, "मी अजून सापडलेलो नाही." समितीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा असं मुलांचं लेखी पत्र आलंय. या वेळी मी सभेला जाणार आहे.